एक्क्याऐंशी किलोच्या पुढची मुलगी

मैत्रिणींनो, घरातली मुलगी जरा अंगाने भरली की काय होते ते तुम्हांला सांगायला नको. तुपाची वाटी तिच्या पानापासून दूर सरकते. दिवाळीला आलेली मावशी "पोरगी लय सुटली वो बाई!" असे सुनावून जाते आणि आई मनातल्या मनात स्थळांचा हिशेब मांडू लागते. अकोल्यात मी हे घरोघरी ऐकते. म्हणून आज नागपूरच्या अल्फिया पठाणची हकीकत सांगते.

अल्फिया बॉक्सिंग खेळते. गट तेव्हा ८१ किलोच्या वरचा होता! वडील पोलिसांत, प्रशिक्षक गणेश पुरोहित. एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमध्ये जागतिक युवा स्पर्धा झाली. इकडे आपण करोनाच्या भीतीने दारे लावून बसलो होतो आणि तिकडे या मुलीने अंतिम फेरीत मोल्दोवाच्या दारिया कोझोरेझला ५-० ने हरवले. म्हणजे पाचही पंचांचा कौल हिच्याकडे. मुलींच्या दहा गटांपैकी सात सुवर्णपदके त्या वेळी आपल्या पोरींनी आणली.

युवा गटात चमकलेली मुले पुढे मागे पडतात, असे म्हणतात. अल्फियाने जुलै २०२२ मध्ये कझाकस्तानात जाऊन तिथल्याच लझ्झत कुंगेइबायेवाला हरवले. ही बाई २०१६ ची जगज्जेती! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अम्मानला आशियाई सुवर्णपदकही मिळाले. पोरीची विशीही उलटली नव्हती.

आता मला खटकणारी गोष्ट. ऑलिंपिकमध्ये तिचा गटच नाही. बायकांचे बॉक्सिंग तिथे आले २०१२ साली, तेही तीनच गटांत. आपल्या मेरी कोमचे कांस्यपदक तेव्हाचेच. पॅरिसला २०२४ मध्ये सहा गट झाले, पण शेवटचा ७५ किलोचा. पुरुषांना मात्र ९२ किलोच्या वरचासुद्धा गट होता. म्हणजे घरात आई म्हणते वजन उतरव आणि ऑलिंपिकवालेही तेच म्हणतात! मुलीने स्वतःच्या अंगाची ताकद दाखवायची तरी कुठे?

"चेहऱ्याला लागले तर?" हा तुमचा प्रश्न मला ठाऊक आहे, कारण माझाही तोच होता. खेळात मार असतोच, खोटे कशाला सांगू? पण मुलींच्या डोक्याला गादीचे शिरस्त्राण असते, दातांत रबरी पट्टी असते आणि लढत तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची. शिवाय पहिल्या दिवशी कुणी ठोसे मारायला लावत नाही. धावणे, दोरीवरच्या उड्या, पावले टाकण्याची रीत, यातच कितीतरी दिवस जातात. आपल्याकडे वसंत देसाई क्रीडांगणावर एकदा संध्याकाळी जाऊन नुसते बघून या. मुलीला सोबत न्या. आणि तिने नाव घातलेच, तर हाताला गुंडाळायच्या पट्ट्यांचे दोन जोड घ्या. घामाने त्या चिंब होतात. रोज धुऊन उन्हात वाळवल्या नाहीत तर असा वास धरतात की विचारू नका.