ॲल्युमिनियमचे आर्गन वेल्डिंग : आधी समज, मग हात

लोखंडावर हात बसलेला वेल्डर पहिल्यांदा ॲल्युमिनियम जोडायला घेतो तेव्हा बहुधा दोनपैकी एक गोष्ट होते : एक तर पत्र्याला भोक पडते, नाहीतर कडा वितळूनही एकमेकींत मिसळत नाहीत. त्यावर वर्कशॉपमधला सल्ला ठरलेला असतो : ‘मारत राहा, हात बसेल.’ सराव हवाच. पण या धातूपुरता तो सल्ला अपुरा आहे. टिग, म्हणजे आपल्याकडच्या पाट्यांवरचे ‘आर्गन वेल्डिंग’, ॲल्युमिनियमवर शिकणाऱ्याच्या बऱ्याचशा चुका थरथरत्या हातामुळे होत नाहीत. धातू असा का वागतो हे त्याला कुणी सांगितलेले नसते, म्हणून त्या होतात.

मुख्य अडचण पृष्ठभागावरच असते. हवा लागताच ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो. खिडकीची चौकट वर्षानुवर्षे टिकते ती या थरामुळे. वेल्डिंगला मात्र तोच आडवा येतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, तर हा थर वितळायला दोन हजार अंशांहून अधिक तापमान लागते. आतला धातू पातळ झाला तरी वरचे कवच शाबूत राहते आणि कडा एकजीव होत नाहीत. म्हणूनच हे काम साधारणपणे एसी करंटवर करतात. टॉर्चमधले टंगस्टन इलेक्ट्रोड धन असते त्या अर्ध्या फेऱ्यात जॉबवरचा ऑक्साइड फुटून निघतो; ते ऋण असते त्या अर्ध्यात उष्णता जॉबमध्ये खोल जाते. पहिल्या अर्ध्यात टंगस्टन फार तापते, म्हणून त्याचा वाटा बेताचाच ठेवतात.

दुसरी अडचण उष्णतेची. ॲल्युमिनियम साध्या पोलादाच्या कितीतरी पट वेगाने उष्णता वाहून नेते. सुरुवातीला आर्क एका जागी धरूनही काहीच वितळत नाही आणि थोड्या वेळाने सगळा तुकडाच तापून कड खाली बसते. लोखंड आधी लाल होऊन इशारा देते. ॲल्युमिनियम रंग न बदलताच वितळते. आर्कखाली पाहायची असते ती ओलसर, आरशासारखी चकाकी. ती दिसली की फिलरचे, म्हणजे भर घालणाऱ्या सळईचे, टोक पुढच्या कडेला टेकवायचे, मागे घ्यायचे आणि टॉर्च किंचित पुढे न्यायचा. मागे घेतलेले टोकही आर्गनच्या आवरणातच राहायला हवे, नाहीतर त्यावर धरलेला ऑक्साइड पुढच्या थेंबाबरोबर सांध्यात जातो. तुकडा तापत जाईल तसा पायाच्या पेडलने करंट उतरवायचा आणि शेवटी एकदम तोडायचा नाही. तो हळूहळू कमी करत खड्डा फिलरने भरला नाही, तर तिथेच तडा जातो.

‘हजारो कारागीर हे काही न वाचता शिकले,’ असा आक्षेप येईल. ते खरे आहे. पण त्यांच्या हाताने हीच कारणे बऱ्याच नासलेल्या तुकड्यांच्या किमतीत शिकलेली असतात. शिवाय काही दोष डोळ्यांना दिसतच नाहीत. तेल, ओल किंवा घाणीतून आलेला हायड्रोजन वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये सहज विरघळतो आणि धातू थिजताना बाहेर पडू न शकल्याने आत बारीक छिद्रे सोडतो. सांधा वरून सुबक दिसतो, आतून पोकळ राहतो. मळक्या पत्र्यावर शंभर रन मारले तरी फक्त दोषाचाच सराव होतो. म्हणून आधी ॲसिटोनने तेलकटपणा काढून ते पूर्ण वाळू द्यायचे आणि मग फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेल्या स्टेनलेस स्टीलच्या ब्रशने घासायचे. क्लोरीनयुक्त द्रावण कधीही वापरू नये. आर्कमुळे त्याच्या वाफेतून फॉस्जीनसारखा विषारी वायू बनू शकतो.

दुसरा आक्षेप नव्या इन्व्हर्टर मशीनचा : बॅलन्स आणि फ्रिक्वेन्सी बटणावर असताना समजेची गरज काय? गरज उलट वाढते. बॅलन्सने ऑक्साइड फोडणाऱ्या अर्ध्याचा वाटा वाढवला की टंगस्टनचे टोक वितळून गोळा होते, घटवला की सांध्यात काळे कण राहतात. दोन्हींतले कारण ओळखता आले, तरच बटण कुठे फिरवायचे ते कळेल. मशीनला फिलरही निवडता येत नाही. ६०६१ सारखा मिश्रधातू नुसताच वितळवून जोडला तर थिजताना तडकतो; त्याला सिलिकॉनचा ४०४३ किंवा मॅग्नेशियमचा ५३५६ फिलर लागतो.

आधी पोलादावर टिग शिकावे, हा जुना क्रम चुकीचा नाही. टॉर्चचा कोन आणि आर्कची लांबी तिथे नीट कळते. पण ॲल्युमिनियमकडे वळताना शिकवणाऱ्याने पहिला तास टॉर्चशिवाय घ्यावा : थर दाखवावा, धातू स्वच्छ करून घ्यावा, कारणे सांगावीत. मग तीन मिलिमीटरच्या सपाट पट्टीवर फिलरविना नुसती चकाकी ओळखायला लावावी आणि सांधा त्यानंतरच द्यावा. शिकणाऱ्यानेही बिघडलेला प्रत्येक तुकडा भंगारात टाकण्याआधी कापून पाहावा आणि त्या दोषाचे कारण शोधावे. ते सापडल्याशिवाय पुढचा तुकडा हातात घेऊ नये.