जपानी शेगडी आणि सुरगाण्याची नागली

खाद्यपदार्थाची किंमत त्याच्या चवीवरून ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः चव हा किंमत ठरविणाऱ्या अनेक घटकांपैकी एक, आणि पुष्कळदा दुय्यम घटक असतो. कालपर्यंत ज्या पदार्थाकडे प्रतिष्ठितांनी ढुंकूनही पाहिले नाही, तोच आज उंची उपाहारगृहात मानाने वाढला जातो. पदार्थ तोच असतो. बदलते ती त्याच्यामागची व्यवस्था. हा बदल कसा घडतो आणि त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हे समजून घेण्यास जपानमधील ‘याकिनिकु’चे उदाहरण उद्बोधक आहे. नाशिक जिल्ह्यातील सुरगाण्यासारख्या तालुक्यालाही त्यातून बरेच घेण्यासारखे आहे.

याकिनिकु म्हणजे भाजलेले मांस. टोकियो, ओसाका अशा शहरांत रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या या उपाहारगृहांत प्रत्येक मेजाच्या मधोमध शेगडी बसविलेली असते. गोमांसाचे पातळ काप कच्चेच ताटात येतात. गिऱ्हाईक ते चिमट्याने जाळीवर ठेवते, क्षणभर परतते आणि सोयाच्या मसालेदार रसात बुडवून खाते. कचेरीतले काम आटोपून आलेले नोकरदार तेथे मंद प्रकाशात तासन् तास गप्पा मारीत बसतात. चैन म्हणावी असेच हे जेवण. परंतु त्याचा जन्म चैनीत झालेला नाही.

जपानमध्ये सम्राट तेम्मु याने इ. स. ६७५ मध्ये गाय, घोडा इत्यादी प्राण्यांचे मांस खाण्यास बंदी केली होती. पुढे अनेक शतके तेथील समाजात गोमांस निषिद्धवतच राहिले. १८७२ साली सम्राट मेजी याने ते खाल्ल्याचे जाहीर झाले, तेव्हा कोठे ते शिष्टसंमत होऊ लागले. शेगडीवर भाजण्याचा आजचा प्रकार मात्र राजवाड्यातून आलेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या दिवसांत जपानमधील कोरियन वस्त्यांत तो रुजला. ओसाकातील त्सुरुहाशीसारख्या भागांत या गरीब स्थलांतरितांनी, इतरांनी टाकून दिलेली आतडी-काळीज भाजून विकली. १९८० च्या सुमारास धूर खाली ओढून घेणाऱ्या शेगड्या आल्या. कपड्यांना वास लागेनासा झाला, आणि धुराने भरलेल्या टपरीचे नीटनेटके उपाहारगृह झाले.

एवढ्याने शेतकऱ्याचे भले झाले असते असे नाही. १९९१ मध्ये जपानने गोमांसाच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठविले. अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील स्वस्त माल येऊ लागला. किमतीच्या स्पर्धेत जपानी पशुपालक टिकणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी गुणवत्तेची आणि नावाची वाट धरली. ह्योगो प्रांतातील ताजिमा वंशाच्या गुरांचे, कसोटीस उतरलेले मांसच ‘कोबे’ या नावाने विकता येईल, असा दंडक १९८३ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेने आधीच घालून दिला होता. २००१ साली देशात गुरांच्या मेंदूरोगाचे पहिले प्रकरण उघडकीस आले आणि ग्राहकांनी गोमांसाकडे पाठ फिरविली. त्यावर उपाय म्हणून २००३ साली कायदा झाला. देशातील प्रत्येक जनावरास दहा अंकी क्रमांक मिळाला आणि याकिनिकु उपाहारगृहांवरही तो दर्शविण्याचे बंधन आले. ताटात आलेला काप कोठे वाढलेल्या जनावराचा आहे, हे गिऱ्हाइकास तेव्हापासून कळू शकते. गिऱ्हाईक जी जादा किंमत मोजते ती या खात्रीची.

महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीसही कायद्याने बंदी आहे. तेव्हा येथे त्या उपाहारगृहाचे अनुकरण करण्याचा प्रश्न नाही. अनुकरण करावयाचे ते त्यामागील हिशेबाचे.

सुरगाणा हा गुजरातच्या सीमेला लागून असलेला आदिवासी तालुका. येथे पाऊस मुबलक पडतो, पण नार-पारचे पाणी पश्चिमेकडे वाहून जाते आणि उन्हाळ्यात पाड्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात. डोंगरउतारावर राब भाजून नागलीची रोपे तयार करावयाची, भर पावसात त्यांची लावणी करावयाची आणि पीक घरात आले की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीस जावयाचे, हा अनेक कुटुंबांचा वर्षक्रम आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या शेतकऱ्यांत या तालुक्यातील माणसे मोठ्या संख्येने होती, ती उगीच नव्हे.

याच नागलीला आता शहरात मान मिळू लागला आहे. शंभर ग्रॅम नागलीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, हे आहारतज्ज्ञ पूर्वीपासून सांगत आले आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि नागलीची बिस्किटे, डोसे व भाकऱ्या उंची उपाहारगृहांत दिसू लागल्या. परंतु शहरात पोहोचेपर्यंत नागलीची ‘रागी’ होते किंवा ‘मिलेट’ होते. पाकिटावर कारखान्याचे नाव असते. ती पिकविणाऱ्या गावाचे बहुधा नसते. कोबेचे नाव मांसाबरोबर मेजापर्यंत जाते. सुरगाण्याचे मात्र घाटातच गळून पडते. ज्या मालाला नाव नाही, त्याचा भाव घेणारा ठरवितो.

केंद्र सरकारने २०२५-२६ साठी नागलीचा हमीभाव क्विंटलमागे ४,८८६ रुपये जाहीर केला. भाव जाहीर होणे निराळे आणि तो हातात पडणे निराळे. मजुरीस निघण्यापूर्वी ज्याला रोकड हवी आहे, त्याच्यासाठी महिन्याभराने उघडणारे खरेदी केंद्र असून नसल्यासारखे. सुगीच्या वेळी सुरू होणारे केंद्र, धान्याची प्रतवारी, पाड्याजवळ दळण व पाकीटबंदीची सोय आणि प्रत्येक पिशवीवर गावाचे नाव, एवढे झाले तरी शहरातील वाढीव किमतीचा काही अंश डोंगर चढून परत येईल. त्यासाठी उत्पादकांची स्वतःची संघटना हवी. जपानी पशुपालकांनाही नाव मिळाले ते संघटनेमुळेच.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. भाव वाढला म्हणून घरातली नागली विकून मुलांना केवळ शिधावाटपाच्या भातावर ठेवण्याची पाळी आली, तर तो विकास उफराटा ठरेल. गोमांस हे बहुतेक जपान्यांचे रोजचे अन्न नव्हते; नागली ही मात्र सुरगाण्याची रोजची भाकर आहे. म्हणून घरची कणगी आधी भरावी आणि उरलेल्या धान्याला नाव व न्याय्य दाम मिळावा, हाच क्रम योग्य होय. शहरातील उपाहारगृहात रात्री उशिरा नागलीची भाकरी मागविणाऱ्याने ती कोणत्या गावची, एवढे विचारले तरी या कामास प्रारंभ होईल. मालकाला त्याचे उत्तर देता यावे, ही व्यवस्था उभारण्याची जबाबदारी मात्र शासनाची आणि सहकाराची आहे.