दोन किल्ल्यांची तिजोरी

मे महिन्यात भाचा भाट्याला येतो तो आंबे खायला आणि समुद्र पाहायला, असे त्याची आई म्हणते. प्रत्यक्षात सुरूच्या बनापलीकडे समुद्र गाजत असतो आणि हा ओटीवर लॅपटॉप घेऊन बसलेला असतो. पुण्यात तो एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. यंदा मी विचारलेच, बाबा रे, तू राखतोस तरी काय?

"मामा, एका यंत्रात चाळीस यंत्रे."

एकाच दणकट संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक चालवतात, गिरगावातल्या चाळीसारखे. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटते, आपले स्वतंत्र घर. पण भिंत एका विटेची. २०१५ साली अशा भिंतीला एक भोक सापडले; त्याचे नाव ठेवले 'व्हेनम'. आणि भोक कुठे, तर फ्लॉपी चालवणाऱ्या जुन्या कोडमध्ये! २००४ पासून ते तिथे होते. फ्लॉप्या पाकिटात घालून हेड ऑफिसला पाठवलेल्या माझ्यासारख्याला हसावे की रडावे कळेना.

मग भिंत फुटली तर? इथे मला माझी बँक भेटली. टेबलाच्या खणाची किल्ली माझी. ती मी कोणालाही देऊ शकत असे. स्ट्राँगरूमचे तसे नाही. एक किल्ली अकाउंटंटकडे, दुसरी हेड कॅशियरकडे, आणि हा नियम बदलण्याचा अधिकार दोघांनाही नाही. संगणकातही अशी सक्तीची व्यवस्था आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० साली 'एसई-लिनक्स' नावाने ती सर्वांना खुली केली. २००९ च्या सुमारास ती आभासी यंत्रांना लागू झाली. यंत्र सुरू होताना १०२४ आकड्यांतून दोन आकड्यांची चिठ्ठी त्याला लावतात, तीच त्याच्या डिस्कला. (अशा जोड्या ५,२३,७७६ होतात, मी कागदावर करून पाहिले. सवय जात नाही.) भिंत फोडून आलेल्या चोराच्या अंगावर चिठ्ठी त्याच्याच बिऱ्हाडाची असते, त्यामुळे शेजारचे दप्तर त्याला उघडत नाही. तो स्वतःला मालक म्हणवो, गाभ्यातला पहारेकरी ऐकत नाही. पहारेकरीच फितला, तर मात्र सारे संपले.

१९९१ साली आमच्या हेड कॅशियरची बायको अचानक इस्पितळात गेली आणि त्याने जाताना आपली किल्ली माझ्या हातात ठेवली. ती रात्र मी दोन्ही किल्ल्या उशाशी घेऊन जागून काढली. सकाळी रोकड बरोबर होती. मेमो मिळाला, तो योग्यच होता.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये तिजोरीला हात न लावता गेले. ते कुलूप वेगळे. पण तेव्हापासून असल्या गोष्टी मी हसण्यावारी नेत नाही.

"तुमच्याकडे ही चिठ्ठ्यांची व्यवस्था आहे ना?" मी विचारले.

भाचा जरा थांबला. "आहे. पण एक सॉफ्टवेअर तिच्यामुळे चालेना, म्हणून नुसत्या नोंदीवर ठेवली आहे."

म्हणजे चोर आला की वहीत नाव लिहायचे आणि आत सोडायचे. "किती दिवस झाले?"

"दोन वर्षं, मामा."

मी काही बोललो नाही. रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा ओटीवर लॅपटॉपचा उजेड होता आणि भाचा त्या दोन वर्षांच्या नोंदी वाचत बसला होता.