सुई टोचायची, पण गोळी चुकवायची नाही

मंडळी, लस टोचायला नर्सबाई गावात आल्या की एखाद्या घरी कुजबूज होते, "आमच्या दादाला डोक्याची गोळी चालू आहे, त्यानं सुई घ्यावी का?" घ्यावी. एवढ्यावरून लस टाळू नये. आणि लशीपायी गोळी बंद करणं तर फारच वाईट. दबलेला आजार पुन्हा उसळतो.

जपायचं ते पुढचे दोन दिवस. लशीनं कधी ताप येतो. दादाची गोळी लिथियमची असेल (१९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर वापरलं तेच हे), तर ते लघवीवाटे बाहेर जातं. तापात अंगातलं पाणी आटलं, किंवा अंगदुखीवर दुकानातून आयब्युप्रोफेन आणून घेतलं, की ते रक्तात साठतं. मग हात थरथरतात, तोल जातो, उलट्या होतात. तेव्हा पाणी भरपूर द्यावं, मीठ नेहमीइतकंच, आणि तापाला पॅरासिटॅमॉल. थरथर वाढली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्तातलं लिथियम मोजता येतं.

क्लोझापिन घेणाऱ्याला ताप आणि घसादुखी झाली, तर "लशीचाच ताप" म्हणून सोडू नका. त्या औषधानं क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. त्या तपासायला हव्यात.

आणि गुरुजी, चिठ्ठीवरचं नाव इंग्रजीत असतं. ते वाचून नर्सबाईंना आधी सांगायचं काम तुमच्याकडे.