टकिला चाखायला बसताना

सुरुवात नेहमी ब्लांकोने करावी. ती पाण्यासारखी नितळ असते. लाकडाचा वास तिला फारसा लागलेला नसतो, त्यामुळे भाजलेल्या अगावेची, म्हणजे जिच्यापासून टकिला बनते त्या घायपाताच्या कुळातल्या वनस्पतीची, मूळ चव तिच्यातच कळते, मिरीसारखी तिखट आणि जराशी ओल्या गवतासारखी. मग रेपोसादो, म्हणजे ओकच्या पिंपात किमान २ महिने मुरलेली, फिकट सोनेरी. शेवटी किमान १ वर्षाची आन्येहो. पेला हलकेच फिरवून थांबा. काचेवरून थेंब सावकाश ओघळतात आणि व्हॅनिला, जळक्या साखरेचा वास वर येतो. ३ वर्षांपुढची ती एक्स्ट्रा आन्येहो.

निळी अगावे तोडणीला यायला साधारण ६ ते ८ वर्षं लागतात. मग हिमादोर, म्हणजे तोडणी करणारा कामगार, 'कोआ' नावाच्या लांब दांड्याच्या पात्याने पानं छाटून अननसासारखा गड्डा मोकळा करतो. इतक्या वर्षांची वाट आणि त्याचे कष्ट एका घोटात रिचवणं मला पटत नाही. मीठ-लिंबू बाजूला ठेवा. मध्ये हवं तर आंबट-तिखट सांग्रिता प्या.

बाटलीवर '१०० टक्के अगावे' लिहिलेलं नसेल, तर तिच्यात ४९ टक्क्यांपर्यंत दुसरी साखर आंबवलेली असू शकते.

दख्खनच्या माळावरच्या घायपातापासून आपल्याकडेही मद्य बनतं. पण टकिला हे नाव मेक्सिकोतल्या हालिस्को आणि आणखी ४ राज्यांतल्या ठरावीक भागांपुरतंच राखीव आहे.