हाकेला येणारा माणूस

जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात घरकामाच्या कारागिराचा शोध अजूनही एकाच प्रश्नाने सुरू होतो : "तुमच्याकडं कोण येतं?" मोटार जळाली, टाकी गळायला लागली, पत्रा उडाला, गिझर बंद पडला, की पहिला फोन भावकीत नाहीतर शेजारच्या मळ्यावर जातो. तिथून नंबर मिळतो आणि नंबराबरोबर दोन गोष्टी कळतात. तो कुणाचा कोण, आणि बोलावला की येतो का. वायरमन, प्लंबर, गवंडी, पेंटर, वायंडिंगवाले, फॅब्रिकेशनवाले, सगळ्यांचा धंदा या दोन उत्तरांवर उभा आहे. जाहिरातीचे जे सल्ले सध्या सगळीकडे फिरतात, ते मोठ्या शहरातल्या अनोळखी गिऱ्हाइकासाठी तयार झालेले आहेत. इथल्या कारागिराने त्यातलं काय घ्यावं आणि काय सोडावं, हे या दोन उत्तरांवरून ठरवलं पाहिजे.

कारागिराच्या नावाला पत असणं या मातीला नवं नाही. जुन्नरभोवतीच्या डोंगरांतल्या लेण्यांत ब्राह्मी शिलालेख आहेत आणि त्यांत कारागिरांच्या व व्यापाऱ्यांच्या श्रेणी, म्हणजे संघ, भेटतात. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणं आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींकडे दानाची ठेव ठेवल्याचीही आहे. नाणेघाटाच्या व्यापारी वाटेवरच्या या गावात लोक कारागिरांच्या संघाकडे विश्वासाने ठेवी ठेवत होते.

पुढे बलुतेदारी आली. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या 'गावगाडा'त ती व्यवस्था बारकाईने मांडली आहे. सुताराला, लोहाराला गिऱ्हाईक शोधावं लागत नव्हतं, ते वारशानेच मिळायचं आणि मोबदला सुगीला खळ्यावर. पण त्या व्यवस्थेत कारागिराला आपल्या कामाचा भाव ठरवता येत नव्हता आणि जातीने नेमलेलं काम सोडताही येत नव्हतं. म्हणून त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. आजचा वायरमन आयटीआय करून, कुठल्याही घरातून, स्वतःच्या हिमतीवर या धंद्यात येतो. त्याला वतन नाही आणि ठरलेलं गिऱ्हाईकही नाही. केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्यात १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी आहेत, अगदी कुलपं करणाराही आहे. वायरमन आणि प्लंबर मात्र त्या यादीत नाहीत. आपलं गिऱ्हाईक त्यांनी आपणच जोडायचं आहे.

आणि हे गिऱ्हाईक विखुरलेलं आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांनी कुकडी प्रकल्पाचं पाणी शिवारात खेळवलं, तशी माणसं गावठाण सोडून मळ्यात राहायला गेली. एकेक गाव पाच-सहा वस्त्यांत पसरलेलं. वेशीवरचा फ्लेक्स मळ्यातल्या माणसाला दिसतो तो दूध घालायला आला तर. शिवाय इथली निकड वेगळी. टोमॅटोला पाणी चालू असताना मोटार बंद पडली तर एकेक दिवस मोलाचा असतो. उसात बिबट्याचा वावर, त्यामुळे रात्री विहिरीवर जायला शेतकरी धजत नाही आणि कारागिरालाही तसा आग्रह कुणी करू नये. अशा ठिकाणी "येतो, येतो" म्हणून दोन दिवस न येणारा माणूस कितीही हुशार असो, त्याचं नाव सगळ्या वस्तीतून उतरतं. याउलट "आज जमणार नाही, उद्या अकराच्या आत येतो" असं सांगून साडेदहाला हजर होणाऱ्याला पुढची चार घरं आपसूक मिळतात. खर्च शून्य आणि परिणाम सगळ्यात मोठा, अशी ही जाहिरात आहे.

मळ्यातल्या विहिरीवर जाऊन स्टार्टरची पेटी उघडून पाहा. झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलेला नंबर बहुतेक ठिकाणी सापडेल. कुणा वायंडिंगवाल्याने जाता जाता लिहून ठेवलेला. मोटार बंद पडल्यावर माणूस सगळ्यात आधी तीच पेटी उघडतो, म्हणून माझ्या मते वेशीवरच्या भल्या मोठ्या फ्लेक्सपेक्षा त्या नंबराची जागा अचूक आहे. त्यात थोडी भर घालता येईल. मार्कर पुसट होतो, म्हणून उन्हापाण्याला टिकणारं छोटं स्टिकर लावावं. त्यावर नाव, गाव आणि नंबर, आणि खाली रिकामी ओळ ठेवून तिच्यात मोटारीचा एचपी, वायंडिंग केल्याची तारीख आणि हमी किती महिन्यांची ते पेनाने लिहावं. प्लंबरने तेच टाकीच्या व्हॉल्व्हजवळ करावं, गिझरवाल्याने गिझरच्या कडेला. मात्र घरमालकाला विचारून. आणि सार्वजनिक भिंती, विजेचे खांब रंगवायच्या फंदात पडू नये. मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्ध राज्यात १९९५ पासून कायदा आहे.

दुसरी हुकमी जागा म्हणजे हार्डवेअरचं दुकान. पाइप आणि कॉक घ्यायला आलेला माणूस काउंटरवरच विचारतो, "बसवायला कोण मिळेल?" दुकानदार जे नाव घेईल त्याला काम. इथे काही ठिकाणी टक्केवारी चालते, म्हणजे कारागीर माल त्याच दुकानातून घ्यायला लावतो आणि वरचे पैसे घेतो. माझं मत स्पष्ट आहे : हे टाळावं. गिऱ्हाइकाला आज ना उद्या दुसऱ्या दुकानातला भाव कळतोच, आणि त्या दिवशी दुकानदार आणि कारागीर दोघांचं नाव जातं. मालाची पावती गिऱ्हाइकाच्या हातात आणि मजुरी वेगळी सांगितलेली, ही रीत ठेवणारा माणूस दुकानदारालाही शिफारशीला बरा वाटतो.

बाजार आणि यात्रा या इथल्या खऱ्या गर्दीच्या जागा. नारायणगावचं उदाहरण घ्या. यात्रांच्या हंगामाआधी तमाशाचे फड तिथे राहुट्या टाकतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे येऊन सुपारी देतात. ठरलेला हंगाम, ठरलेली जागा, गिऱ्हाईक आपण होऊन येतं. कारागिरांनी यातून घ्यावं ते हे. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात दर आठवड्याला त्याच कोपऱ्यात, त्याच वेळी एक टेबल टाकून वायंडिंगवाला बसला, तर महिन्या-दोन महिन्यांत लोक जळका स्टार्टर पिशवीत घालूनच बाजाराला येतील. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या डिसेंबरमध्ये वाट मोकळी करून दिल्यापासून घाट पुन्हा गजबजले आहेत. बक्षीस देणाऱ्याचं नाव निवेदक भोंग्यावरून पुकारतो. ते ऐकायला गोड वाटतं, पण गर्दी बाहेरगावचीही असते. छोट्या कारागिराने तिथे मोठी रक्कम घालण्यापेक्षा स्वतःच्या गावच्या यात्रेत मांडवाची वायरिंग चोख करून द्यावी. सगळा गाव ते काम तीन दिवस पाहतो.

आता मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक. या दोन तालुक्यांतली असंख्य कुटुंबं पोटापाण्यासाठी तिकडे गेली. मुंबईचे डबेवालेही मुख्यतः मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर याच भागातले, आणि १८९० पासूनचा त्यांचा व्यवसाय पांढरी टोपी, वेळेचा काटा आणि तोंडी शिफारस यांवर वाढला. ही मंडळी गावाकडे घरं बांधतात आणि यात्रेला, दिवाळीला येतात. त्यातच जुन्नर २०१८ मध्ये विशेष पर्यटन तालुका जाहीर झाला. माळशेज, शिवनेरी, लेण्याद्रीच्या बाजूला राहण्याची ठिकाणं उभी राहत आहेत. या मालकांना भावकीत विचारायला वेळ नसतो, ते फोनवर शोधतात. गूगलचा खरा उपयोग इथे आहे. बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. दुकान नसेल तर घरचा पत्ता लपवून फक्त सेवेचा परिसर देता येतो, वीसपर्यंत ठिकाणं. तिथे मंचर, घोडेगाव, ओतूर, आळेफाटा अशी जिथे खरोखर जाता तीच गावं टाका. नावात मात्र गावांची माळ ओवू नका, नियमात बसत नाही आणि प्रोफाइल बंद पडू शकतं. पैसे किंवा सूट देऊन अभिप्राय लिहून घेणंही नियमाबाहेर आहे. काम झाल्यावर सरळ विनंती करावी.

लांबच्या मालकाला सगळ्यात मोठी धास्ती असते ती डोळ्यांआड होणाऱ्या कामाची. ती घालवायला व्हॉट्सॲप पुरतं. काम सुरू करण्याआधीचा फोटो, भिंत फोडल्यावर आतल्या पाइपचा फोटो, प्लास्टर होण्यापूर्वी पाणी सोडून घेतलेला छोटा व्हिडिओ. सोबत साधा मजकूर : "दादा, जुना जीआय पाइप आतून सडला होता. बारा फूट बदलला. पावती पाठवली आहे. मजुरी ठरल्याप्रमाणे." असा निरोप मिळालेला माणूस तो आपल्या सोसायटीतल्या गाववाल्यांनाही पुढे पाठवतो. दिवाळीच्या रंगीत शुभेच्छा पाठवून हे साधत नाही. ब्रॉडकास्टचा निरोप तर ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच पोचतो. म्हणून निघताना "नंबर सेव्ह करा, नावापुढं वायरमन लिहा" एवढं सांगायला लाजू नये.

वेळेचं गणितही आहे. टोमॅटोचा, कांद्याचा पैसा हातात आला की बाथरूमची फरशी, किचनचा ओटा निघतो. रंगकाम यात्रेआधी आणि दिवाळीआधी. गळती वैशाखात बुजवायची असते, पण आठवते आषाढात. भीमाशंकरच्या बाजूला तर तोवर फार उशीर झालेला असतो. जुन्या गिऱ्हाइकांना एप्रिलमध्ये फोन करून "पत्रा, पन्हळ बघून जाऊ का?" असं विचारणारा पेंटर किंवा पत्रेवाला मला फारसा दिसत नाही. तो फोन करावा.

आणि वाचकहो, यंदा दिवाळीला गावी जाल तेव्हा ज्याने तुमचं काम नीट केलं त्याचे पैसे त्याच दिवशी द्या. मग त्याच्या नावाने गूगलवर चार ओळी लिहा : काम कोणतं, गाव कोणतं, सांगितलेल्या वेळी आला का, आणि ठरल्यापेक्षा जास्त घेतले का.