टोकदार कानांचे वारसदार

६ एप्रिल २००९ च्या रात्री टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात 'अ‍ॅलॅमो ड्राफ्टहाउस' या चित्रपटगृहात 'स्टार ट्रेक'चे भक्त जमले होते. जाहीर झालेला खेळ होता १९८२ च्या 'द रॅथ ऑफ खान'चा, आणि वर आमिष म्हणून येऊ घातलेल्या नव्या चित्रपटाचा थोडासा तुकडा. जुना चित्रपट सुरू झाला, जेमतेम काही मिनिटं चालला आणि पडद्यावर फिल्म अडकून जळताना दिसली. दिवे लागले, कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात लेनर्ड निमॉय मंचावर आले. मूळ स्पॉक, वय वर्षं ७८! त्यांनी प्रेक्षकांनाच विचारलं, जुना बघण्यापेक्षा अख्खा नवाच बघितला तर? पुढं काय गदारोळ झाला असेल तो सांगायला नको. अधिकृत प्रीमियर दुसऱ्या दिवशी सिडनीच्या ऑपेरा हाउसमध्ये ठरला होता. ऑस्टिनकरांनी सिडनीच्या आधी बाजी मारली.

प्रसिद्धी खात्याची ही करामत होती, हे उघड आहे. तरीही त्या चित्रपटाचं सारं मर्म मला या एका प्रसंगात दिसतं. लोकांच्या देव्हाऱ्यातली पात्रं नव्या नटांच्या हाती द्यायची, तर ती जुन्या नटानं स्वतःच्या हातानं द्यावी लागतात. काळप्रवास, समांतर विश्व वगैरे नंतरचं. या लेखात मी हेच घोळवत बसणार आहे, आणि बराचसा वेळ स्पॉकच्या कानांपाशी रेंगाळणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

ज्यांना हे जग अजिबात ठाऊक नाही त्यांच्यासाठी धावता इतिहास. जीन रॉडनबेरी यांची मालिका 'एनबीसी'वर ८ सप्टेंबर १९६६ ला सुरू झाली. तीन हंगाम, ७९ भाग, १९६९ मध्ये बंद. पुनःप्रक्षेपणांतून ती खरी गाजली. मूळ नटसंचाचे १९७९ ते १९९१ मध्ये सहा चित्रपट आले, १९८७ पासून नव्या पात्रांच्या नव्या मालिका आल्या. आपल्याकडे दूरदर्शननं ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी मूळ मालिका दाखवली आणि माझ्या पिढीच्या डोक्यात हा किडा सोडला. मग २००२ चा 'नेमेसिस' आपटला, २००५ मध्ये 'एंटरप्राइज' ही मालिका बंद पडली आणि दुकानाचं शटर खाली आलं. झाला इतिहास.

'मूळ नटांना हात लावायचा नाही' अशी शपथ घेणारे चाहते एक गोष्ट सोयीनं विसरतात. पात्रांची अदलाबदल या मालिकेच्या जन्मापासूनच चालू आहे. 'द केज' या पहिल्या नमुना भागात यानाचा कप्तान कर्क नव्हताच. तो होता पाइक, आणि ते काम जेफ्री हंटर यांनी केलं होतं. 'एनबीसी'ला तो भाग भलताच डोकेबाज वाटला, त्यांनी दुसरा मागितला, तेव्हा विल्यम शॅटनर कर्क होऊन आले. आधीच्या पात्रांपैकी टिकला तो एकटा स्पॉक. पुढं पैसे वाचवायला 'द केज'चं चित्रण 'द मेनेजरी' या दोन भागांच्या कथेत वापरलं, त्यात अपघातात जायबंदी झालेला पाइक शॉन केनी या दुसऱ्याच नटानं रंगवला. म्हणजे एकाच कथेत एकाच माणसाचे दोन चेहरे, तेही १९६६ साली! कोणी मोर्चा काढला नाही.

स्पॉक बदलण्याची वेळही एकदा येऊन गेली होती. १९७७ च्या सुमारास 'फेज टू' नावाची नवी मालिका घाटत होती. निमॉय यायला तयार नव्हते, म्हणून स्पॉकच्याच व्हल्कन वंशातला झॉन नावाचा तरुण निर्माण केला गेला आणि डेव्हिड गोट्रो या नटाची निवडही झाली. त्याच तयारीत इलिया या पात्रासाठी मुंबईची पर्सिस खंबाटा निवडली गेली. १९६५ ची मिस इंडिया, पारशी, आणि या भूमिकेसाठी तिनं डोक्यावरचे सगळे केस उतरवले. मालिका बारगळली, तिचा १९७९ चा चित्रपट झाला, निमॉय परतले. झॉन कागदावरच राहिला, पर्सिस मात्र पडद्यावर गेली. तो चित्रपट कंटाळवाणा आहे, असं म्हणायची पद्धत आहे. मला तो आवडतो. त्यातल्या यानाभोवतीच्या लांबलचक घिरट्यांसह आवडतो. घरातलं कुणी माझ्याबरोबर तो पुन्हा बघायला तयार नसतं, ही गोष्ट वेगळी.

पुढं 'रॅथ ऑफ खान'मधली साविकची भूमिका क्रिस्टी अ‍ॅलीनं केली आणि पुढच्याच चित्रपटात रॉबिन कर्टिसनं. निर्माते हार्व्ह बेनेट यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तरुण कर्क-स्पॉकची, अकादमीतल्या दिवसांची गोष्ट नव्या नटांना घेऊन करायचं मांडलं, तेव्हा मात्र चाहते आणि जुने कलाकार दोघेही खवळले. कल्पना गाडली गेली, बेनेट बाहेर पडले. २००९ मध्ये जवळपास तेच झालं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. वीस वर्षांत बदललं काय?

याचं नेहमीचं उत्तर पटकथेकडं बोट दाखवतं. रॉबर्टो ऑर्सी आणि अ‍ॅलेक्स कर्ट्झमन यांनी फार चतुर तोड काढली, यात शंका नाही. २३८७ साली एका ताऱ्याच्या स्फोटात रोम्युलस ग्रह नष्ट होतो. तो वाचवायला निघालेला म्हातारा स्पॉक आणि सूडानं पेटलेला निरो, दोघंही कृष्णविवरातून भूतकाळात फेकले जातात. निरो २२३३ मध्ये उगवतो आणि 'केल्विन' या यानावर तुटून पडतो. कर्कचा बाप बारा मिनिटांपुरता कप्तान होतो, आठशे जीव वाचवतो आणि मरतो, त्याच वेळी तिकडं कर्क जन्मतो. इथून काळाला नवा फाटा फुटतो. जुनं सगळं जुन्या जागी शाबूत, पुढचं कोरं. चाहत्यांच्या कपाटातली एकही कॅसेट रद्द होत नाही. पण नुसत्या तोडीनं माणूस रडत नाही. मी त्या चित्रपटात रडलो तो बर्फाच्या गुहेत, शेकोटीच्या उजेडात निमॉय पहिल्यांदा दिसतात आणि समोरच्या पोरसवदा कर्कला 'मी तुझा मित्र आहे' असं सांगतात तिथं.

दिग्दर्शक जे. जे. एब्रम्स स्वतःला 'स्टार वॉर्स'वाला म्हणवतात, 'ट्रेक'चं पारायण करणारे ऑर्सी. ही जोडी मला फार योग्य वाटते. घरच्या माणसाला कुठली भिंत पाडायची नाही ते कळतं, बाहेरच्याला कुठली खिडकी उघडायची ते दिसतं. पात्रयोजनेत पहिली निवड झाली झॅकरी क्विंटोची, स्पॉकसाठी, आणि तरुण स्पॉक कोण करणार याला निमॉय यांची संमती घेतली होती. २००७ च्या कॉमिक-कॉनमध्ये क्विंटोचं नाव जाहीर झालं तेव्हा निमॉय शेजारी हजर होते.

आता कान. स्पॉकचं बाह्यरूप तीन गोष्टींवर उभं आहे: टोकदार कान, वर चढलेल्या भुवया आणि बोटांचा नमस्कार. त्यातली कानांची टोकं रोज चिकटवायची, भुवया भादरायच्या, हे क्विंटोनं सोसलं. बोटांनी मात्र दगा दिला. करंगळी-अनामिका एकीकडं, मधलं बोट-तर्जनी दुसरीकडं, असा हात त्याला जमेचना. शेवटी एब्रम्सनी त्याची बोटं चक्क गोंदानं चिकटवली! ही खूण निमॉय यांनी लहानपणी बॉस्टनच्या सिनेगॉगमध्ये पाहिली होती. ज्यू पुरोहित आशीर्वाद देताना हात असे धरतात. लोकांनी डोळे मिटून घ्यायचे असतात, या पोरानं चोरून बघितलं. 'अमोक टाइम' या भागाच्या वेळी व्हल्कन लोक एकमेकांना भेटताना काय करतील असा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी ती बाहेर काढली. सिनेगॉगच्या बाकावरून उचललेली ती खूण एका अख्ख्या ग्रहाची रीत झाली, आणि चाळीस वर्षांनी दुसऱ्या नटाला ती गोंद लावून शिकावी लागली.

नव्या नटानं जुन्याची नक्कल करावी की करू नये, हा वाद आपल्याला नवा नाही. 'नटसम्राट'मधले बेलवलकर १९७० मध्ये डॉ. लागूंनी उभे केले, मग दत्ता भट आले, सतीश दुभाषी आले, आणि 'लागूंची सर नाही' म्हणत लोक पुन्हा तिकीट काढत राहिले. नव्या 'ट्रेक'च्या मंडळींनी दोन्ही वाटा धरल्या. क्रिस पाइननं शॅटनरना पत्र लिहिलं, जुने भाग बघायला घेतले आणि नक्कल होईल या भीतीनं ते मध्येच सोडून दिले. त्याच्या कर्कमध्ये शॅटनरचे ते तुटक-तुटक शब्द नाहीत, मिजास मात्र तीच आहे. याच्या अगदी उलट कार्ल अर्बन. न्यूझीलंडच्या या नटानं डिफॉरेस्ट केली यांच्या डॉ. मॅकॉयची चिडचिड, खर्ज, भुवईची वक्रता सगळं उचललं. केली १९९९ मध्येच गेले होते, आशीर्वाद द्यायला कोणी नव्हतं. कदाचित म्हणूनच त्यानं थेट मूर्तीच घडवली. माझं मत विचाराल तर सगळ्या संचात अर्बन पहिला. जॉन चोबाबत एब्रम्सना वेगळीच धास्ती होती: तो कोरियन वंशाचा, सुलू जपानी वंशाचा. मूळ सुलू जॉर्ज ताकेई यांनी त्यांना सांगितलं की सुलू हा साऱ्या आशियाचा प्रतिनिधी आहे. मूळ स्कॉटी जेम्स डूहन २००५ मध्ये गेले होते. त्यांचा मुलगा क्रिस या चित्रपटात छोट्या भूमिकेत सायमन पेगच्या स्कॉटीबरोबर काम करताना दिसतो. यानाच्या संगणकाचा आवाज नेहमीप्रमाणे मेजल बॅरेट रॉडनबेरी यांचाच. ध्वनिमुद्रण करून दिलं आणि डिसेंबर २००८ मध्ये त्या गेल्या. शॅटनर तेवढे नव्हते. त्यांचा कर्क १९९४ च्या 'जनरेशन्स'मध्ये मारून टाकलेला, आता जिवंत कसा करायचा?

इथं थोडं विषयांतर. चित्रपटात पहिला दिसणारा कप्तान कर्क नाही, पाइकही नाही. तो आहे 'केल्विन'चा रोबाऊ. निरोच्या यानात एकटा जाणारा, न वाकता मरणारा. हे काम करणारा फरान ताहिर हा पाकिस्तानात वाढलेला अमेरिकन नट, आणि त्याचे आजोबा म्हणजे लाहोरचे नाटककार इम्तियाज अली ताज. 'अनारकली' लिहिणारे! ज्या नाटकावरून पुढं 'मुघल-ए-आझम' आला, त्याच्या लेखकाचा नातू तेविसाव्या शतकात यान चालवतो. हे कळल्यावर मी रात्री उशिरा दोन मित्रांना फोन केले. एकानंच उचलला.

आणि एक तीर्थयात्रा. लॉस एंजलिसच्या उत्तरेला अग्वा दुल्से गावाजवळ वास्केझ रॉक्स नावाचं उद्यान आहे. भूगर्भातल्या हालचालींनी तिरपे उचललेले वालुकाश्माचे प्रचंड पत्थर, जणू जमीनच ओणवी झाली आहे. तिबुर्सिओ वास्केझ हा दरोडेखोर तिथं लपायचा म्हणून हे नाव. १९६७ च्या 'अरीना' भागात शॅटनर गॉर्न नावाच्या रबरी परग्रहवासीयाशी इथंच झुंजले, आणि २००९ च्या चित्रपटातल्या व्हल्कन ग्रहाच्या चित्रणासाठी एब्रम्स पुन्हा इथंच आले. मी भाच्याला गाडी काढायला लावली. भर दुपार, रॅटलस्नेकचा धाक, सावली नावाला नाही. मी त्या उतारावर हात फिरवत उभा, आणि भाचा म्हणतो, "मामा, हे दगड बघायला एवढ्या लांब आलात? असले तर माळशेजच्या वाटेवर पण आहेत." त्याला उत्तर देण्यात अर्थ नव्हता. नट बदलले तरी दगड तेच ठेवण्याचा हा शहाणपणा मला फार भावतो.

सगळंच भावलं असं नाही. यानाचं इंजिनघर म्हणून व्हॅन नाइजमधली बडवायझर बीअरची भट्टी वापरली आहे. तेविसाव्या शतकातलं तारायान आणि आत दारूच्या टाक्या, नळ्या, पाइप! पडद्यावर चमकणाऱ्या प्रकाशाच्या रेघांचाही अतिरेक आहे. कॅमेऱ्याबाहेर बॅटरी धरून त्या मुद्दाम पाडल्या होत्या. तरी रंगभूषेसाठी या चित्रपटाला ऑस्कर मिळालं, 'ट्रेक'च्या चित्रपटांतलं पहिलं. कानांनी शेवटी नाव काढलं.

खरी चूक २०१३ च्या 'इंटू डार्कनेस'मध्ये झाली. 'रॅथ ऑफ खान'मध्ये काचेपलीकडे स्पॉक मरतो, तो प्रसंग त्यांनी उलटा करून घेतला: आत कर्क, बाहेर स्पॉक. १९८२ मध्ये त्या मरणामागं पंधरा वर्षांची मैत्री होती, प्रेक्षकांनी ती आपल्या दिवाणखान्यात पाहिली होती. पाइन आणि क्विंटो यांची ओळख एका चित्रपटाची. नव्या चेहऱ्यांना स्वतःच्या आठवणी जमवायला वेळ न देता जुन्यांच्या आठवणी उसन्या दिल्या, आणि त्या अंगावर ढगळ झाल्या. २०१६ च्या 'बियाँड'मध्ये ती मैत्री जरा कुठं मुरायला लागली होती, तोवर आंतोन येल्चिन हा गुणी चेकॉव्ह अपघातात गेला, निमॉय त्याआधीच २०१५ मध्ये गेले होते. चौथा चित्रपट काही झालेला नाही. दूरचित्रवाणीवर मात्र 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'मध्ये २०२२ पासून पुन्हा नवा संच आहे, स्पॉकच्या कानांत आता ग्रेगरी पेक यांचा नातू ईथन पेक आहे, आणि आवाजाचा खर्ज आजोबांचा लावतो.

उरला तो खलनायक, खान. खान नूनियन सिंग: १९६७ च्या 'स्पेस सीड'मध्ये त्याला उत्तर भारतातला, बहुधा शीख, म्हटलं आहे. ते काम केलं मेक्सिकोच्या रिकार्डो माँटलबान यांनी, आणि काय केलं! २०१३ च्या चित्रपटातल्या खानसाठी आधी बेनिसिओ देल तोरो यांच्याशी बोलणी झाली, मग आले बेनेडिक्ट कंबरबॅच, गोरेपान इंग्रज. एब्रम्स यांच्याच 'लॉस्ट' मालिकेत तेव्हा मल्याळी आईबापांचा मुलगा नवीन अँड्र्यूज सहा हंगाम गाजवून मोकळा झाला होता. शेवटी २०२५ मध्ये खान नवीनकडं आला, पण 'स्टार ट्रेक : खान' या श्राव्य मालिकेत. म्हणजे भारतीय वंशाचा खान मिळाला, तो फक्त ऐकायला.